अरफातच्या मोटारीचे भाडे

मक्का, हजच्या जिल्हिज महिन्याची ७ तारीख, १९५९. संध्याकाळ.

अरफातला नेणाऱ्या मोटारवाल्याने मक्केच्या माणसांना तीन-तीन रियालात बसवले, माझ्या डोळ्यांदेखत. आम्हाला मात्र माणशी पंधरा. मी गावी नेरच्या बाजारात करतो तेच केले. ‘राहू दे’ म्हणून हात हलवला आणि पाठ फिरवली. आपल्याकडे दहा पावलांच्या आत "चाचा, या, तुमचंच खरं" अशी हाक येतेच. इथे दहा झाली, वीस झाली, हाक नाही. वळून पाहिले तर मोटार भरून निघूनही गेली होती. कशाला फिरवली मी पाठ?

आता बाकीचे मोटारवाले माणशी तीस मागतात. माझ्याजवळ सगळे मिळून चाळीस. परवा अरफातच्या मैदानात पोचलो नाही तर हजच होत नाही, आणि चालत जावे तर बायकोला, हमीदाला, गुडघ्यांमुळे दोन पायऱ्या चढवत नाहीत. एक हाक का मारली नाही त्याने?

हमीदाला सांगितले. ती म्हणाली, "रडता कायले? तुमी जा. मी अठीच बसून दुवा करीन."

हजसाठी विकल्या त्या बकऱ्या तिच्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या. तरी क्षणभर मला वाटले, एकट्यानेच जावे.