साक्षीसाठी टाळ्या

२ जुलै, मंगळवार
आजपासून नोंदी ठेवणार. पुढे पुस्तक लिहिताना शोधाशोध नको.
राणीसावरगावच्या पुढची अंगणवाडी. एकोणीस पोरं. दर मंगळवारी माझं स्पीच थेरपीचं ग्रुप सेशन. सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स झालाय. व्हिडिओ सगळे पाहिले, काही दुप्पट स्पीडवर.
खरी केस एकच. साक्षी, वय चार. तोतरी. पण बोलायची भारी हौस. आल्या आल्या मला त्यांच्या शेळीचं बाळंतपण सांगितलं, पंधरा मिनिटं लागली. सेविका चांगुणाबाई म्हणाल्या, येतंय की तिला बोलणं हळूहळू, कशाला घाई करायलात. बाईंना सायन्स माहीत नाही. सहा मंगळवारांत पोरगी घडाघडा बोलेल.

९ जुलै, मंगळवार
आयडिया सुचली! साक्षी अडकली रे अडकली की सगळ्यांनी पावसाची टाळी वाजवायची. आधी एक बोट, मग दोन, मग पाची बोटं, धो धो. प्रोत्साहन!
पोरं काय रंगली! ती कधी अडकते याची वाट बघत बसली होती. एका बडबडगीतात चौदा वेळा टाळ्या. शेवटी साक्षीच्या डोळ्यांत पाणी. आनंदाचं असणार.

१६ जुलै, मंगळवार
साक्षी दाराआड लपली. हात धरून आणली, मधोमध बसवली. लाजरेपणा असाच मोडावा लागतो. अडखळणं: सहा वेळा. निम्म्याहून कमी! बोललीही कमी, पण कोर्समध्ये अडखळणंच मोजायला सांगितलंय.
चांगुणाबाईंची तक्रार: पोरं नळावर, दुकानात, जिथं दिसंल तिथं तिला टाळ्या वाजवायलीत. म्हणजे घरपोच थेरपी. तीही फुकट!

२३ जुलै, मंगळवार
अडखळणं: शून्य!!!
मला इथं पाठवणाऱ्या संस्थेच्या नीलम मॅडमना चार्ट व्हॉट्सअ‍ॅप केला. लगेच फुलांचा गुच्छ आला. चांगुणाबाईंचं तोंड वाकडं. म्हणाल्या, सर, ती एक शब्दबी बोलली न्हाई आज. सू आली तरी सांगितलं न्हाई, चड्डीतच केली. मी म्हटलं, बाई, तो वेगळा विषय आहे.
संध्याकाळी पेढे आणले. एकट्यानेच खाल्ले.

३० जुलै, मंगळवार
साक्षीची आई धम्मशीला खुरपणी सोडून आली. सत्काराला असेल म्हणून शर्ट खोचला. म्हणाली, लेकरू घरीबी बोलंना झालंय. आजा हाक मारतो तर नुसती मान हलवती. तोतरं तर तोतरं, पण बोलत होतं हो माझं लेकरू. मी चार्ट दाखवला. ती चार्टकडे बघून रडली. पालकांना प्रगती पचत नाही, हे पुस्तकात घालायचं.
जाताना मात्र विचारलं, तुमचा वार कोणता. मंगळवार, म्हटलं. बाहेर आणखी तीन आयांनी तेच विचारलं. डिमांड वाढतेय! दुसरी बॅच काढावी लागणार.

६ ऑगस्ट, मंगळवार
हजेरी: पाच. साक्षी नाही. तापाची साथ असावी. पुढच्या मंगळवारी नीलम मॅडमसमोर डेमो. शर्ट इस्त्रीला टाकला.

१३ ऑगस्ट, मंगळवार
मॅडम परभणीहून गाडी करून आल्या. हजेरी: शून्य. मी, मॅडम, चांगुणाबाई आणि खिचडीचं पातेलं.
मॅडमनी विचारलं, ती चार्टवाली साक्षी कुठाय? चांगुणाबाई म्हणाल्या, येती की. काल खिचडी संपेस्तोवर तोंड चालू होतं तिचं. अडकती, पण लय बोलायलीय आता.
ऐकलंत? मी मॅडमकडे बघून हसलो. मॅडम खूश झाल्या. वही उघडून म्हणाल्या, नेमका कोणता उपचार लागू पडला, सविस्तर सांगा.
मी सुरुवात करणार तेवढ्यात चांगुणाबाई म्हणाल्या, मंगळवारी घरी ठेवायलेत तिला.
मॅडमनी तेवढंच लिहून घेतलं.