हिरवा चहा तांबूस पडला तेव्हा

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

सा. न. वि. वि.

प्रयोगशाळेत माझ्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या. दहातल्या आठ. हिरव्या चहातून वेगळं काढलेलं द्रव्य त्यांच्या खाद्यद्रवात घातलं आणि दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली नुसता कचरा. आमच्या मॅडम सहसा मानही हलवत नाहीत, त्यांनी चक्क खुर्ची ओढून बघितलं. प्रयोग पाच वेळा केला, त्यांपैकी दोनदा मात्र पेशी ढिम्म राहिल्या, का ते कळत नाही.

तुझी आतड्याची तपासणी याच महिन्यात ना? मागच्या वेळी दोन गाठी काढल्या होत्या. टाळाटाळ करू नकोस. मामीला नमस्कार.

लोभ आहेच, तो असाच चढता राहू दे.

तुझी बडबडी

११ फेब्रुवारी

चि. बडबडीस,

अ. आ.

तुझं पत्र मी समोरच्या शिंप्यालासुद्धा वाचून दाखवलं. तपासणीचं म्हणशील तर ती मी रद्द केली. एकतीस वर्षं चहाच्या कंपनीत चहा चाखायची नोकरी करणारा माणूस मी, दिवसाला दोनशे वाट्या. मागच्या गाठी बारीक होत्या, त्या चहानेच बारीक ठेवल्या असणार. मामीने अबोला धरलाय. धरू दे.

एक विचारतो. चहा कालवून किती वेळ ठेवतेस? आमच्या चाखणीच्या खोलीत हिरवा चहा गप्पांत राहिला की तांबूस पडतो. तसल्या वाटीवर मी आजवर शेरा लिहिलेला नाही, कारण तो मुळात वेगळाच चहा झालेला असतो.

मामाची आठवण ठेव.

तुझा मामा

९ मार्च

प्रिय मामा,

सा. न. वि. वि.

तपासणीसाठी फोन केले ते सगळे तू हसण्यावारी नेलेस, म्हणून आता सविस्तर लिहिते. तुझ्या प्रश्नाने माझी झोप उडाली. वही काढली. पेशी मेल्या त्या तिन्ही वेळा मी द्रव सकाळी कालवून जेवणानंतर ओतला होता, आणि तो तांबूस झाला होता; उरलेल्या दोनदा कालवल्या कालवल्या ओतला होता. हे द्रव्य खाद्यद्रवात तसंच राहिलं की हवा लागून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, जखम धुवायला वापरतात ते. पेशी त्याने मारल्या आणि नाव झालं चहाचं. दोन दिवस रडले.

मग सगळं पहिल्यापासून मांडलं. द्रव ताजा, लगेच ओतलेला, आणि पेरॉक्साइड मोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, सोबत. पेशी मेल्या नाहीत, पण त्यांची वाढ चौथ्या हिश्श्याने मंदावली. सहाच्या सहा वेळा. मॅडम म्हणाल्या, एवढंसंच आहे पण खरं आहे, काम पुढे चालू ठेव. मी हातमोज्यांसकट नाचले.

आता नीट ऐक. हे बशीत झालंय. माणसाच्या पोटात चहा कॅन्सर टाळतो का, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि तुझ्या दिवसाला दोनशे वाट्या कुठे गेल्या? थुंकदाणीत. एकतीस वर्षं तू चहा चाखलास आणि थुंकलास, मामा. उद्याच्या उद्या तारीख घे. माझ्या फुशारकीपायी तुला काही झालं तर मी मामीला तोंड कसं दाखवू? मला खरंच भीती वाटतेय.

रागावलास तरी चालेल, माया मात्र पातळ करू नकोस.

तुझी बडबडी

२ एप्रिल

चि. बडबडीस,

अ. आ.

थुंकदाणीचं वाचून मामी इतकी हसली की अबोला विसरली. माझ्या मात्र ते डोक्यातच आलं नव्हतं, काय सांगू.

मुकाट्याने गेलो. वाटाण्याएवढी एक गाठ निघाली, तिथल्या तिथे काढली. काल अहवाल आला. आतल्या पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण पसरल्या नव्हत्या. सगळी गाठ मुळासकट निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षभर थांबला असतात तर कॅन्सर घेऊनच आला असतात.

अहवाल ऐकून मामी तिथेच बाकावर बसून रडली, आणि मीही. बाहेर आलो तेव्हा ऊन मोठं छान पडलं होतं, बसस्टॉप सोडून घरापर्यंत चालतच आलो. पोरी, तू चुकलीस हे तुला लपवता आलं असतं. तू लिहून कळवलंस, म्हणून मी आज हे पत्र लिहितोय.

भरपूर जग, आम्हीही जगतो.

तुझा मामा