दोन मतं कमी पडली

दि. १४ मार्च

प्रिय नयन,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेऊन बसले. दहावीनंतर मी एवढं कधी लिहिलं नाही, तेव्हा चुका होतील, समजून घे. कशफ उद्या सकाळच्या गाडीनं यवतमाळला जाणार आहे, तिच्याच हाती हे देते. तुझा शेवटचा पेपर काल झाला, असं तिनंच सांगितलं. मी त्याचीच वाट पाहत होते. बारावीचं वर्ष आहे, परीक्षेच्या आधी तुझ्या डोक्याला काही नको, असं स्वतःला सांगत राहिले. खरं तर मलाच लिहायचं धाडस होत नव्हतं.

मावशीकडे जेवण नीट होतं ना? इथं तुरी निघाल्या, कपाशीची पऱ्हाटी उपटून झाली, शेत मोकळं पडलं आहे. तुझे बाबा जसे होते तसेच आहेत. दारूचं दुकान सकाळी आठला उघडतं आणि ते त्याच्याआधी तिथं जाऊन बसतात. तू गेल्यावर चार दिवस त्यांनी विचारलं, पोरगी कुठं आहे. मग विचारणं सोडलं.

नयन, मला तुझ्या सह्यांच्या मोहिमेचे दिवस फार आठवतात. तू, कशफ आणि तुमच्या वयाच्या पोरी. एकोणीस जणी होतात तुम्ही. शाळेतून आल्यावर दप्तर फेकायचं आणि घरोघर फिरायचं. दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून गावातल्या बायांचं मतदान घ्यायचं, तर आधी चौथा हिस्सा बायांच्या सह्या लागतात, हा नियम गावात कोणाला माहीत होता? तुम्ही शोधून काढला. ज्या बाया नवऱ्यासमोर मान वर करत नव्हत्या, त्यांचे अंगठे तुम्ही घेतलेत. मग तालुक्याचे साहेब सह्यांच्या पडताळणीला आले आणि पहिलं नाव तुझंच खोडलं. वय सतरा वर्षं चार महिने. ग्रामपंचायतीत एवढ्या माणसांसमोर तू म्हणालीस, “बाप दारू पिऊन आला का मले वय विचारून मारते काय, साहेब?” साहेब खाली बघून म्हणाले, “कायदा मी नाही केला, बाई.” तुला ते बाई म्हणाले. पण तुझी सही त्यांना चालली नाही.

त्यानंतर तू कलेक्टर साहेबांना अर्ज लिहिलास. मतदानाचं वय सोळा करा, आणि जी बाई आलीच नाही तिचं मत दुकानाच्या बाजूनं धरू नका. तो मी तीनदा वाचला. यादीत चारशे अठ्ठेचाळीस बाया, त्यांच्या अर्ध्याहून जास्त, म्हणजे दोनशे पंचवीस जणींनी चिठ्ठीवरच्या आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारला तरच दुकान बंद. मग यादीतली कोणी मेलेली असो, कोणी लग्न होऊन गेलेली असो, कोणी ऊसतोडीला गेलेली असो. तू लिहिलं होतंस, “आमच्या गावात मेलेल्या बायांचं मत मोजतात, आमचं मोजत नाहीत.” उत्तर अजून आलं नाही. मी पोस्टमनला दर आठवड्याला विचारते.

मतदानाच्या दिवशी शाळेत केवढी रांग होती! तुला आत येऊ देईनात, म्हणून तू फाटकापाशी उभी राहून येणाऱ्या बाईला सांगत होतीस, “आडव्या बाटलीवर मारा, काकू, आडव्या.” लालीबाई उसाच्या फडावरून दोन गाड्या बदलून आली, पायात चप्पल नव्हती. तिला पाहून तू रडलीस. सगळ्यात शेवटी विमलताई आली. डोक्यावर पदर, खाली मान, सरळ आत गेली. तिचा दीर दुकानात गल्ल्यावर बसतो, हे गावाला माहीत होतं.

मोजणी झाली. आडव्या बाटलीला दोनशे तेवीस, उभ्या बाटलीला, म्हणजे दुकान चालू ठेवायला, अकरा, सहा बाद. दोन मतं कमी पडली. साहेब म्हणाले, आता वर्षभर पुन्हा मागणी करता येणार नाही. तुम्हा एकोणीस पोरींना मत असतं तर यादी वाढूनही आपण जिंकलो असतो, हे तू तिथंच जमिनीवर काडीनं आकडे मांडून दाखवलंस. बाहेर दुकानापाशी ढोल वाजायला लागला. तुझे बाबा त्या ढोलापुढं नाचत होते. तू ते पाहिलंस, मला माहीत आहे. त्याच रागात तू विमलताईपाशी गेलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, “तुम्ही विकल्या गेल्या, काकू.” ती पदर पुढं ओढून घराकडं चालू लागली. दुसऱ्या दिवशी तू पिशवी भरलीस आणि दुकान बंद झाल्याशिवाय या गावात पाय ठेवणार नाही म्हणून निघालीस. मी फाट्यापर्यंत मागे आले. तू वळून पाहिलं नाहीस.

तू गेल्यावर काय झालं, ते तुला कोणी सांगितलं नसेल. ज्या आल्याच नाहीत त्यांना कोण काय बोलणार? कोणी फडावर, कोणी घरात, नवऱ्यानं बाहेरून कडी लावलेली. सगळा राग त्या अकरा जणींवर निघाला, आणि अकरातलं एकच नाव गावाला सुचलं. तुझ्या तोंडून निघालेलं. बचत गटातून विमलताईला काढलं. तिच्या पोरीच्या साखरपुड्याला आपल्या आळीतली एकही बाई गेली नाही. मी पण नाही गेले. शाळेत ती खिचडी शिजवते, तर आता पोरांच्या आया म्हणतात, तिच्या हातचं आमची लेकरं खाणार नाहीत. उद्या दुपारी ग्रामसभा आहे. तिला त्या कामावरून काढायचा ठराव येणार आहे. ते काम गेलं तर तिच्या घरी चूल कशी पेटेल, देव जाणे. नवरा तिचाही त्याच दुकानात असतो.

परवा ती विहिरीवर एकटीच होती. मला पाहून म्हणाली, “वहिनी, मी आडव्यावरच मारला शिक्का. दीरानं दम देल्ला होता, तरी मारला. आता मी कोणाले दाखवू? कायचा पुरावा देऊ?” मी तिला म्हणू शकले असते, विमल, माझा विश्वास आहे तुझ्यावर. पण मी घागर न भरताच घरी आले.

मागच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तीन दिवस गावातलं दुकान बंद होतं, आठवतं? तू तेव्हा मावशीकडे होतीस. तुझे बाबा प्यायला सायकलनं अकरा किलोमीटर गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आले नाहीत. मी शोधत गेले. हायवेच्या पुलाखाली पालथे पडले होते, तोंडाला मुंग्या लागल्या होत्या. वरून ट्रक जात होते. मला वाटलं, मेले. मी तिथंच बसून ओरडले. तुला मी सांगितलं होतं, सायकलवरून पडले म्हणून.

मतदानाच्या दिवशी पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेले, हातात शिक्का घेतला, आणि मला तो पूल दिसला. गावातलं दुकान बंद झालं की हा माणूस रोज त्या रस्त्यानं जाईल. इथं पडला तर कोणीतरी उचलून घरी आणून टाकतं. मी उभ्या बाटलीवर शिक्का मारला, नयन. त्या अकरा जणींतली एक मी आहे. तू फाटकापाशी उभी होतीस, मी बाहेर आले, तू माझ्या बोटाची शाई पाहून हसलीस आणि मी पण हसले.

अठरा पुरी झाली की माणसाला मत कळतं, असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी मला त्या आडोशामागं पाहायला हवं होतं. मी एक्केचाळीस वर्षांची आहे. तुला जे सतराव्या वर्षी स्वच्छ दिसत होतं, ते मला भीतीपायी दिसलं नाही. आणि वाचवलं तरी कोणाला? परवा त्यांना रक्ताची उलटी झाली. तोंड धुतलं आणि पुन्हा तिकडंच गेले.

उद्या ग्रामसभेत मी उभी राहून हे सांगणार आहे. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुला कळू नये, म्हणून हे पत्र. बाया माझ्यावर थुंकतील, थुंकू दे. सगळ्या गावात एकच माणूस खूश होईल, तो तुझा बाप. बायकोनं आपल्या बाजूनं मत दिलं म्हणून चौकात सांगत सुटेल. मला तेच सगळ्यात जास्त लागतंय. त्यानंतर या घरात माझं काय होईल ते मला दिसत नाही, आणि मी तुझ्याकडं काही मागतही नाही. पण गावात कधी आलीस, तर एसटीतून उतरून आधी विमलताईच्या घरी जा. तिच्या पाया पड. माझ्याकडं नंतर ये. नाही आलीस तरी मी तुला काही म्हणणार नाही.

तुझीच,
आई