गोड रक्ताचा तंटा

हॅल्डन, मिनेसोटा
१० जानेवारी २००४

ती. थोरल्या बहिणीस, दाहाबो अबायोस,
सा. सलाम वि. वि. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू उलटं ऐकतेस, म्हणून लिहितेय. घाबरू नकोस. मला साखरेचा आजार निघालाय. दवाखान्यात दुभाषा फोनवरून बोलत होता. तो म्हणाला, बाईंचं रक्त गोड झालंय. वारसमे लाजून खाली बघायला लागला. त्याला वाटलं, डॉक्टर त्याच्या बायकोचं कौतुक करतायत.

खाण्यापिण्याचं सांगणारी कॅरल नावाची नर्स आहे, फार भली. चहात साखर नाही, भात मुठीएवढा, आणि भाताबरोबर केळं तर नाहीच. केळ्याशिवाय भात उतरतो का आपल्या सोमाली घशाखाली? अर्धं ताट पालाभाजी. वारसमे कारखान्यात दिवसभर टर्की कोंबड्या कापतो आणि घरी येऊन स्वतःच्या मुठीने माझा भात मोजतो. मी रोज मक्याच्या शेतांच्या कडेने चालते. दर वेळी कुणीतरी शेतकरी गाडी थांबवून विचारतो, बाई, गाडी बंद पडली का? इथे पायी चालणारा माणूस म्हणजे संकटातलाच माणूस.

अंग बरंच उतरलंय. फोटो पाठवतेय. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी लादान

बुराओ
८ फेब्रुवारी २००४

चि. लादान हिस,
अनेक दुवा. फोटो बघून आधी मी विचारलं, ही कोण? मग सगळी गल्ली रडली. शेजारची रॉदा म्हणाली, दुष्काळातसुद्धा पोरीचे गाल असे नव्हते. नवरा बायकोचा भात मुठीने मोजतो! आणि पाला? तू बाई आहेस की शेळी? अमेरिकेतलं अन्न संपलं असेल तर तसं सांग, आम्ही पाठवू.

मी गप्प बसले नाही. बाभळीखाली थोरल्यांची बैठक बसवली. ठरलं असं, की मिनिआपोलिसच्या बिलेकाकांनी माणसं घेऊन जायचं आणि जावयाला जाब विचारायचा. त्याला नीट उत्तर देता आलं नाही तर काडीमोड घ्यायचा. येणाऱ्याबरोबर तुपात मुरवलेलं उंटाचं मांस पाठवतेय. दार लावून खा.
तुझ्या काळजीने झुरणारी,
दाहाबो

हॅल्डन
५ मार्च २००४

ती. अबायोस,
सा. सलाम वि. वि. काय करून बसलीस गं! बिलेकाका दोन गाड्या भरून म्हातारे घेऊन आले. बरोबर तांदळाचं पोतं आणि अख्खा बोकड. भर बर्फात दारात उभे राहून त्यांनी वारसमेला विचारलं, आमच्या पोरीला उपाशी का मारतोस? तो बिचारा मुळातच कमी बोलणारा, त्यात घाबरला. नुसतीच मूठ वर करून दाखवली. म्हाताऱ्यांना वाटलं, मारायला उठला. काकांनी तिथेच काडीमोडाची भाषा सुरू केली. मी रडून सांगत होते, पण उपाशी बाईचं कोण ऐकतो!

तेवढ्यात माझं रक्त तपासायला कॅरल आली. वर्षभर ती आपल्या लोकांसाठी साखरेच्या आजाराचा वर्ग भरवतेय आणि एकही जण फिरकत नाही. खोलीभर सोमाली बघून तिला भरूनच आलं. तिने एकेकाचं बोट टोचायला घेतलं. म्हाताऱ्यांची समजूत झाली, या देशात तंटा सोडवण्याआधी शपथेचं रक्त घेत असतील. सगळ्यांनी बिस्मिल्ला म्हणून गंभीरपणे बोटं पुढे केली.

बिलेकाकांचा आकडा बघून कॅरलने यंत्र बदललं, मग तिचा चेहरा बदलला. काकांना बूट काढायला लावला. आत खिळा होता, आणि तो काकांच्या तळव्यात गेला होता. पाय सुजून काळा पडत चाललेला, तरी काकांना पत्ता नाही! कॅरल म्हणाली, साखर वाढली की पायाला दुखलेलं-भाजलेलं कळेनासं होतं. वारसमेने त्यांना उचलून गाडीत घातलं. पाय वाचला, एक बोट गेलं.

बैठक मोडून कशी चालेल? ती इस्पितळात पूर्ण झाली. निकाल असा, की जावई दोषी. शिक्षा म्हणून पाय बरा होईपर्यंत काकांना त्याने घरी ठेवून घ्यायचं आणि लादानला देतो तेच खायला घालायचं. काका रोज शिव्या देतात आणि ताट चाटूनपुसून खातात. राग सोड आणि ख्यालीखुशाली कळव.
तुझी लादान

बुराओ
२ एप्रिल २००४

चि. लादान हिस,
अनेक दुवा. बिलेकाकांचं रक्त परक्या बाईने घेतलं यावर इथे फार वाद झाला. शेवटी तिलाच आपल्या घराण्यात धरायचं ठरलं. तिच्या बापाचं आणि आज्याचं नाव कळव, थोरल्यांना वंशावळीत जोडून पाठ करायचंय. वारसमेला म्हणावं, मी बोलले ते बोलले, पण माणूस बरा आहेस.

इकडे सगळे खुशाल. आठवण ठेव.
तुझी दाहाबो

ता. क. हे मोठ्याने वाचू नकोस. परवा मी चुलीपाशी बसले होते. काहीतरी जळल्याचा वास आला म्हणून रॉदाला हाक मारली. माझीच टाच निखाऱ्यावर होती. तुमच्या कॅरलला विचार, मी काय खाऊ.