काइंडली टेक रेस्ट

सर, तुमच्यावर रागावून लिहायला बसले आहे, आणि तेही मराठीत, म्हणजे तुमच्या मते हे पत्रच नव्हे. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. शालिमार चौकाजवळच्या तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. पण तुम्ही शिकवलेलं इंग्रजी माझ्या बोटांत अजून ठाण मांडून बसलंय, आणि मागच्या महिन्यात त्याने माझ्या घरात आग लावली. माझा मुलगा आणि सून बंगळुरूला असतात. सून केरळची. तिला मराठी येत नाही, मला मल्याळम येत नाही, आणि दोघींच्या हिंदीची तर बोंबच. त्यामुळे आमचं सगळं बोलणं मोबाइलवर, इंग्रजीत लिहून. तिला दिवस गेले होते, तिसरा महिना सुरू होता. एका सकाळी मुलाचा फोन आला की मूल राहिलं नाही. मी फोन ठेवला आणि लगेच तिला लिहिलं: सॅड न्यूज रिसीव्ड. वुई रिग्रेट द सेम. काइंडली टेक रेस्ट अँड रिझ्यूम ड्यूटीज अ‍ॅट द अर्लिएस्ट. म्हणजे दुःखद बातमी पोचली, आम्हाला खेद आहे, कृपया विश्रांती घ्यावी आणि लवकरात लवकर कामावर रुजू व्हावं. सातपूरच्या कारखान्यात परचेस खात्यात माझा जन्म गेला, आजारी माणसाला आम्ही हेच लिहायचो. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, तिला वाटलं ऑफिसच्या एचआरचा मेसेज आलाय. मग वर तुझं नाव दिसलं." तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. थोडे दिवस जाऊ दे, असं मुलगा म्हणतो. किती दिवस, ते त्यालाही माहीत नाही.

तुमचा तो जिना आठवतो. वर चढता चढताच खडखडाट ऐकू यायचा. येवल्याची, चांदवडची पोरं पहिल्या एसटीने यायची, डबे खिडकीत ठेवायची आणि रांगेने मशीनवर बसायची. तुम्ही मधून फिरताय, हातात लाकडी पट्टी, पण मारायला नाही, ओळीखाली धरायला. पत्राच्या शेवटी, नाव माहीत असेल त्याला युअर्स सिन्सियरली, नाव माहीत नसेल त्याला युअर्स फेथफुली. मी एकदा विचारलं होतं की ज्याचं नावही ठाऊक नाही त्याच्याशी एकनिष्ठ कसं राहायचं? सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. म्हणालात, तो अर्थ डोक्यात आणायचा नसतो, हात आपोआप चालला पाहिजे. बघा, किती चांगला चालायला लागला तो. वीजमंडळाच्या साहेबाला सिन्सियरली, खिळे-मोळे पुरवणाऱ्याला सिन्सियरली, माल उशिरा दिला म्हणून ज्याला झापलं त्यालाही सिन्सियरली. आयुष्यभर तो शब्द रबरी शिक्क्यासारखा मारत आले, आणि आता खरोखर मनापासून काही सांगायचंय तर तो शब्द लिहायची मला लाज वाटते.

मनापासून लिहिण्याची खोड मला आधी होती, हे तुम्हाला आठवत असेल. तुम्हीच ती मोडलीत. माझी पहिली नोकरी, आणि वडील सिव्हिलला अ‍ॅडमिट. रजेचा अर्ज तुम्हाला दाखवायला आणला होता. मी लिहिलं होतं की वडील मला ओळखत नाहीत आणि मला फार भीती वाटते. तुम्ही लाल पेन्सिलीने ती ओळ आडवी कापलीत. "साहेबाला भीती कळवायची नसते. किती दिवस आणि कधीपासून, एवढंच कळवायचं. बाकीचं वाचून ते हसतात गं," असं म्हणालात. शेवटचं वाक्य तुम्ही जरा हळू बोललात. तुमच्यावर कोण हसलं होतं, ते मी विचारलं नाही. मी मान खाली घालून अर्ज पुन्हा टाइप केला. आणि त्याच संध्याकाळी तुम्ही थर्मासमध्ये चहा घेऊन वॉर्डात आलात. माझ्या शेजारी बाकावर बसलात, नवीन रिबिनी कशा फिक्या उमटतात त्याबद्दल बराच वेळ बोललात, वडिलांच्या पायावरचं पांघरूण नीट केलंत आणि गेलात. एक शब्द धीराचा बोलला नाहीत, पण मला त्या रात्री झोप लागली. मग मला सांगा, तुम्हाला हे येत होतं, तर ते कागदावर कसं उतरवायचं हे का नाही शिकवलंत? बंगळुरूला मी थर्मास घेऊन कशी जाऊ? तिने मुलाकडून येऊ नका म्हणून सांगितलंय.

मी तुमची इन्स्टिट्यूट सोडली तेव्हा तुम्ही मला नमुन्याच्या पत्रांची फाइल दिली होती, स्वतः टाइप केलेली. ती माळ्यावरून काढली. तक्रार आहे, स्मरणपत्र आहे, राजीनामा आहे. शोकसंदेश एकच, कंपनीचे चेअरमन वारल्यावर पाठवायचा, त्यात त्यांच्या दूरदृष्टीचा उल्लेख. जे मूल जन्मालाच आलं नाही त्याच्याबद्दल काय लिहायचं, ते तुमच्या फाइलीत नाही. मी लिहून पाहिलं. डीपली लिहिलं तर चेअरमन आठवतात, सॉरी लिहिलं तर ते गर्दीत धक्का लागल्यासारखं वाटतं. मुलगा म्हणाला, आता मोबाइललाच सांग, तो लिहून देतो. सांगितलं. त्याने इतकं सुंदर लिहून दिलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि मग अशी चीड आली की काय सांगू. रडायला भाड्याने बाई आणावी तसं ते वाटलं. पुसून टाकलं. माझं लिहिलेलं परकं वाटतं आणि त्याचं आपलं वाटतं, तर इतकी वर्षं मी इंग्रजीत नक्की काय केलं?

काल ठरवलं, नको ते इंग्रजी. मराठीत लिहू, मुलगा तिला समजावून सांगेल. घरात कोणी नव्हतं, मनासारखा वेळ होता, भाषा आपली होती. 'तुला काय वाटत असेल ते मला कळतं' इथवर आले आणि हात थांबला. सगळे शब्द येत होते, तरी थांबला. त्या सकाळी मुलाचा फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं, एवढा लांबचा गाडीचा प्रवास करू नको म्हणून तिला बजावलं होतं, ऐकलं नाही, आता भोगा. प्रवासाचा काही संबंध नव्हता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मला रडू आलं ते दुपारी, भाकरी थापता थापता, तवा तसाच तापत राहिला. पण मेसेज सकाळीच गेला होता. महिनाभर मी तुमच्या नावाने बोटं मोडतेय, सर, कारण तुम्ही काही उलट बोलणार नाही आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही. तुमच्या इंग्रजीने त्या दिवशी काही बिघडवलं नाही. पोरीने बरोबर वाचलं.