भिंतीवरचा मजकूर मी पुसला

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, वजनमापे खात्याचा निवृत्त निरीक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचाही दबाव नाही. असलाच तर डोक्यावरच्या छताचा आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी स्वतःला फार सज्जन ठरवले होते.

१. माझ्या एकुलत्या एक मुलीला बँकेतली शिल्लक आणि तिच्या आईचे दागिने.

२. पितळी वजनांचा संच, पेटीसकट, नातीला. तिने तो खुशाल खेळायला घ्यावा.

३. थोरल्या मेहुण्याला माझी शिडी. नऊ वर्षांपूर्वी ‘दोन दिवसांसाठी’ म्हणून त्यानेच ती नेली आहे, तेव्हा पोचवण्याचा प्रश्न नाही. “कंत्राटदार सगळे चोर, खेच त्याला कोर्टात” हा सल्लाही त्याचाच. तोही साभार परत.

४. घर. इथे सविस्तर लिहिणे भाग आहे.

मुलगी नातीला घेऊन कायमची राहायला येणार, म्हणून मी स्वयंपाकघर मोठे करायला काढले. मधली भिंत पाडायची होती. कंत्राटदार कामाला चोख, पण हिशेब, मापे, सूचना सगळे खडूने भिंतीवरच लिहायचा. मी कागद मागितला की हसायचा. “कागद हरवतो काका. भिंत कुठे जाते?”

अर्धी भिंत उतरवल्यावर तो थांबला. छताला चार लोखंडी टेकू लावले आणि म्हणाला, “काका, वरची खोली हिच्यावरच उभी आहे. लोखंडी तुळई घातल्याशिवाय मी पुढे हात लावणार नाही.” उरलेल्या भिंतीवर तारीख घालून त्याने ठळक लिहिले: तुळईशिवाय काम बंद. टेकू हलवू नयेत. मला वाटले, पैसे उकळायचा डाव आहे. शब्दाला शब्द वाढला आणि तो निघून गेला.

मी लघुवाद न्यायालयात दावा लावला. अर्धवट कामाचे फोटो काढण्याआधी मी ओले फडके घेऊन ती भिंत पुसली. न्यायाधीशांनी विचारले, “काम का थांबवलं, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं?” मी म्हणालो, “नाही.” कंत्राटदाराकडे पुरावा मागितला, तेव्हा तो म्हणाला, “भिंतीवर लिहिलं होतं, साहेब.” सगळे हसले. मीही हसलो. चौतीस वर्षे दुसऱ्यांचे तराजू तपासलेल्या माणसाच्या शब्दावर कोर्टाने विश्वास ठेवला. याची मला लाज वाटते.

निकाल असा: त्याने पैसे परत करावेत आणि आपले सर्व सामान आठ दिवसांत हलवावे. तो सामान न्यायला आला आणि दारातच घुटमळला.

“काका, टेकू राहू देत. मला नकोत परत.”

“निकालात काय लिहिलंय? सर्व सामान. एक खिळासुद्धा ठेवायचा नाही.”

त्याने एकेक टेकू काढला. चौथा काढताना वर काहीतरी कुरकुरले. आम्ही दोघांनीही ते ऐकले.

आठवड्याने छताला तडा दिसला. तो वाढतो का हे कळावे म्हणून मी त्यावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख घातली. ती अकराव्या दिवशी फाटली. दुसरी चौथ्या दिवशी. तिसरी काल सकाळी लावली होती, दुपारी जेवायला बसलो तेव्हा फाटलेली होती. वरच्या खोलीचे दार आता लागत नाही.

म्हणून हे घर मी कोणालाही राहण्यासाठी देत नाही. ते उतरवावे आणि रिकामी जागा मुलीने घ्यावी.

५. कंत्राटदाराला यात काही ठेवलेले नाही, कारण मृत्युपत्राच्या साक्षीदाराला काही ठेवता येत नाही. कोर्टात खोटे बोलल्याची कबुली देणारा अर्ज मी आजच त्याच्या हातात दिला आहे.

६. मुलीस. बाळ, तू रविवारी येणार आहेस. सामान कुठे लावायचे विचारलेस, तेव्हा मी म्हणालो, “वरची खोली झाडून ठेवलीय.” तीनदा फोन झाला, तीनदा खरे ओठांवर येऊन परत गेले. बाप खोटारडा निघाला हे तुला सांगण्यापेक्षा मला मरण सोपे वाटले, म्हणून हे लिहायला बसलो. लिहिता लिहिता कळले की मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात, आणि तू तर त्याआधीच वर झोपशील.

तेव्हा पहिल्या साक्षीदार बाईंना माझी आज्ञा आहे: हे बंद करून ठेवू नये. रविवारी गाडी दारात थांबताच, पोर खाली उतरण्याआधी, हे माझ्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवावे. मी समोर उभा असेन. मध्येच मी काही बोलू लागलो तर मला गप्प करावे.

सही: (मृत्युपत्र करणार)

साक्षीदार १: शेजारच्या निवृत्त नर्सबाई.
साक्षीदार २: वर उल्लेखलेला कंत्राटदार.

ठिकाण: फाटकाबाहेर, रस्त्यावर. दुसऱ्या साक्षीदाराने घरात पाऊल ठेवण्यास नकार दिल्यामुळे.
दिनांक: नऊ तारीख, शुक्रवार.