एकालाच आत सोडतात

प्रिय आई,

तुझी बॅग भरून झाली, असं काल बाबा सांगत होते. ते ऐकल्यापासून माझं डोकंच चालेनासं झालंय. फोनवर बोलायला घेतलं की तू मध्येच ‘जेवलीस का?’ विचारतेस आणि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितेय. दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत एकालाच आत सोडतात आणि ती तूच, हे आपलं ठरलेलं होतं. आमच्या नवरोबाला साधं बोट कापलं तरी घेरी येते, त्याला आत नेऊन उपयोग काय, म्हणून आपण दोघी किती हसलो होतो!

आता गंमत ऐक. बाळंतपणाच्या तयारीच्या त्या ऑनलाइन वर्गाबद्दल तुला सांगितलं होतं ना? दिवसभर दुकानात लोकांना चष्मे लावून द्यायचे आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतः तो व्हीआरचा बोजड चष्मा चढवायचा, असा माझा उद्योग. तो चढवला की समोर अख्खी खोली उभी राहते. पलंग, दिवा, यंत्राची टिकटिक आणि कळांनी तळमळणारी बाई. मी तिच्या उशाशी. तिची कंबर कुठे दाबायची, पाणी कधी पाजायचं, सगळं शिकले. आणि हा दुसऱ्या चष्म्यात पलंगावर आडवा! श्वास घे, सोड, घे, सोड. आम्हाला वाटलं, एकमेकांची जागा कळावी म्हणून मुद्दामच असेल तसं. शेवटच्या तासाला शिकवणाऱ्या नर्सबाईंनी मला श्वास करून दाखवायला सांगितलं आणि मी याची कंबर दाबायला लागले, तेव्हा उलगडा झाला. नाव नोंदवताना, खातं त्याचं म्हणून, आमच्या शहाण्याने होणाऱ्या आईच्या जागी स्वतःचंच नाव घातलं होतं. नर्सबाई हसता हसता पडद्यावरून दिसेनाशाच झाल्या.

मीही हसले, पण मग धडकी भरली. आता नव्याने शिकायला वेळ कुठाय? श्वास त्याला येतो आणि बाळ माझ्या पोटात! जेवताना तो म्हणाला, त्या चष्म्यातल्या पलंगावर आडवं पडलं की सगळे आपल्या डोक्यावरून बोलतात गं, आपल्याशी कुणीच नाही. तुला तसं पडू देणार नाही, मी आत येतो. मी म्हटलं, घेरी आली तर? तर म्हणे, खाली बसून श्वास घेईन, येतो मला.

तेव्हापासून मला काही म्हणजे काही सुचत नाहीये. माझ्या जन्माच्या वेळी तुझ्याजवळ कुणी नव्हतं, म्हणून माझ्या वेळी तू असणारच, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. ते कसं मोडायचं? शिवाय तू खंबीर, तो घाबरट. कुणालाही विचारलं तर तुझंच नाव घेईल. सकाळी वाटतं तू, चहा होईपर्यंत वाटतं तो. दुकानात परवा एका आजोबांना चक्क दुसऱ्याचाच चष्मा दिला.

खरं सांगू का? रागावू नकोस. दवाखान्यात मी त्याचं नाव दिलंय. तू समोर असलीस की मला रडताच येत नाही गं. हात मोडला तेव्हाही तुझा चेहरा बघितला आणि गप्प बसले, तुला त्रास नको म्हणून. त्या दिवशी मला सोसायचं नाहीये, आई. मला गळा फाडून ओरडायचंय, आणि ते त्याच्यासमोरच जमेल. पण तू ये. तू दाराबाहेर आहेस, एवढं मला माहीत असू दे. आणि माझा आवाज ऐकू आला, तर आत धावून येऊ नकोस.

तुझीच,
मनी